तोच की तेवढाच

एक कागद. पाण्यातून गेलेला, वाळलेला आणि रुमालाला करतात तशी इस्त्री केलेला.

अंड्याच्या बलकाचा डाग. आकार कानासारखा.

"वन्सं, तुम्ही सम की विषम?"

एक अक्कलदाढ. डावीकडची, खालची.

लाकडी पाटी, तीन शब्द: दिलेला तोच मिळेल.

एकशे त्रेचाळीस पांढरे कोट.

"ओअ ई एअआअ?"

या सगळ्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असं कुणालाही वाटेल. वहिनींनाही परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत तसंच वाटत होतं.

बिल्ला १

वहिनी म्हणजे लाँड्रीवाल्या वहिनी. नात्याने त्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या, कारण नवऱ्याला धाकटं भावंड नव्हतं. पण गिऱ्हाइकांनी एकदा वहिनी म्हणायला सुरुवात केली ती केलीच. पुढे एकदा घाईत नवऱ्यानेही "अहो वहिनी" अशी हाक मारली आणि मग तीन दिवस तोंड लपवत फिरला.

नवऱ्याला एक थोरली बहीण मात्र होती. वन्सं. वय अडुसष्ट, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांच्या वडिलांनी लाँड्री काढली, दारावर 'दिलेला तोच मिळेल' ही पाटी ठोकली आणि लेकीच्या हाती शाईची दौत दिली. तेव्हापासून दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागे वन्संची खूण पडायची. टिंब, काडी, फुली, कोंबडीचा पाय. ही लिपी जगात एकाच माणसाला वाचता यायची, आणि ते माणूस काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसलेलं असायचं.

अलीकडे वन्सं कॉलर वाचताना थेट नाकाला लावत.

"वास घेतेय," त्या म्हणत. "साबण निघाला की नाही ते वासानेच कळतं."

वहिनींची जागा मागे, वाफेच्या इस्त्रीवर. सव्वीस वर्षं. तिथे खिडकी नव्हती, आणि वाफेत बारा वाजले की पाच हे कळायचं नाही. शेजारच्या टेबलावर नवरा असायचा, पण तोही बहुतेक वेळ वाफेतच असायचा. अधूनमधून "बरं" असा आवाज यायचा, त्यावरून तो आहे हे कळायचं.

एके सकाळी वहिनींनी दुकान उघडलं तर काउंटरवर एक कागद. 'संगणकाची भाषा शिका. वयाची अट नाही.' खिशात राहून गेलेल्या कागदांचा एरवी लगदा होतो, पण हा कसा सपाट, गुळगुळीत. कुणा गिऱ्हाइकाचा असेल म्हणून वहिनींनी दोन दिवस तो जपून ठेवला. कुणी विचारायला आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

"क्लासला जाणार आहे," त्या म्हणाल्या.

"शिकवतात काय तिथे?" वन्संनी विचारलं.

"संगणकाच्या भाषेतले क्लास कसे लिहायचे ते."

"क्लासात क्लास शिकवतात? मग दवाखान्यात दवाखाना देत असतील."

"बरं," वाफेतून आवाज आला.

बिल्ला २

मास्तरांना वस्तूंशी बोलायची सवय होती. खडूला "चल" म्हणत, डस्टरला "थांब" म्हणत. वर्गात अकरा जण होते आणि वहिनी सोडून बाकी सगळे वहिनींच्या निम्म्या वयाचे.

"या भाषेत सगळं म्हणजे वस्तू," मास्तर म्हणाले. "वस्तू म्हणजेच ऑब्जेक्ट. अंकसुद्धा! सात हा नुसता सात नाही. सात एका डबीत बसलेला आहे. आपण त्याच्यावर काही करायचं नाही. त्याला विचारायचं, तो सांगतो. त्याला म्हणायचं, बाबा रे, तू मोठा की नऊ मोठा? तो मुकाट्याने खरं सांगेल."

वहिनींनी वहीत लिहिलं: 'सात खरं बोलतो.'

"आता पाचाला सांगा, तुझ्यात एक मिळव. काय होईल?"

"सहा होईल," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"पाचाचा सहा होईल?"

"हो."

"साफ चूक! पाच जागचा हलत नाही. तो नवा सहा काढून तुमच्या हातात देतो आणि स्वतः पाचच्या पाचच राहतो. अंक कधी बदलत नाहीत."

"म्हणजे अगदी आमच्या ह्यांच्यासारखे," वहिनी म्हणाल्या. "काही सांगा. बरं म्हणतात, दुसरंच काहीतरी आणून देतात आणि स्वतः आहेत तिथेच."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, हे इतकं स्वच्छ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

त्या दिवसापासून अंक हे वहिनींच्या घरचे झाले.

बिल्ला ५२

घरचे झाले म्हणजे मानपान आला.

वहिनी बावन्न वर्षांच्या. त्यामुळे बावन्नच्या खालच्या अंकांना त्या अरे-तुरे करत आणि वरच्यांना अहो-जाहो. बावन्नशी बरोबरीच्या नात्याने बोलत. क्लासमधून परवानगी काढून आणलेला जुना संगणक आता काउंटरच्या टोकाला बसला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहिनी त्याच्यासमोर बसून टाइप करत आणि तोंडाने बोलत.

"ए तेरा, तू सम का रे? नाहीस ना? बस खाली. अहो साठ, तुम्ही? वा! अहो एकसष्ट, आपण जरा पलीकडे व्हा."

अडुसष्टपाशी आल्यावर त्यांची जीभ घसरली.

"वन्सं, तुम्ही सम की विषम?"

"विषम!" स्टुलावरून खणखणीत उत्तर आलं.

"बरं," वाफ म्हणाली.

पडद्यावर अडुसष्टने आपण सम असल्याचं सांगितलं. वहिनींनी तो पडदा पटकन पुसून टाकला. घरात कलह नको.

बिल्ला ७७

महिन्याभरात वहिनींनी स्वतःच्या हाताने संगणकाचा एक प्रोग्रॅम लिहून काढला. काम सोपं. कपडा आला की त्याच्या कॉलरला एक कापडी बिल्ला टाचायचा, त्यावर क्रमांक. तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्यायचा. गिऱ्हाईक परत आलं की चिठ्ठीवरचा अंक आणि बिल्ल्यावरचा अंक दोन्ही यंत्राला द्यायचे. यंत्र दोघांना समोरासमोर उभं करणार, 'हो' किंवा 'नाही' म्हणणार आणि कुठला कपडा केव्हा गेला ते लिहून ठेवणार.

आता दोन अंकांची गाठ कशी घालायची, यावर वर्गात मोठा खल झाला होता. मास्तरांनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले.

"पहिला प्रश्न, दोन 'बरोबर'च्या खुणा शेजारी शेजारी. याचा अर्थ, हा *तोच* आहे का? दुसरा प्रश्न, इक्वल्स. याचा अर्थ, हा *तेवढाच* आहे का? बाई, तुम्ही कुठला विचाराल?"

वहिनींना विचार करायची गरजच नव्हती. त्यांच्या दारावर उत्तर ठोकलेलं होतं.

"तोच," त्या म्हणाल्या. "मास्तर, आमच्या धंद्यात तेवढाच चालत नाही. तेवढ्याच मापाचा, तसाच पांढरा शर्ट दुसऱ्याचा दिला तर लोक दुकान डोक्यावर घेतील. आम्हाला तोच लागतो."

"अहो पण अंकांच्या बाबतीत थोडी गंमत आहे. ती अशी की..." मास्तर म्हणाले, आणि एकदम गाल धरून खाली बसले. अक्कलदाढ. त्या दिवशीचा क्लास तिथेच सुटला. पुढचा रद्द झाला. गंमत राहून गेली.

दुकानात मात्र तोचने कमाल केली. पहिल्या दिवशी चाळीस कपडे, चाळीस हो. वन्संनी मुद्दाम एक चुकीची चिठ्ठी पुढे केली, यंत्र म्हणालं नाही. वन्संनी नाक मुरडलं.

"दोन आकडे सारखे आहेत की नाहीत, हे सांगायला मेलं यंत्र कशाला? मला काय डोळे नाहीत?"

"यंत्र दमत नाही, वन्सं."

"मी दमले का?"

"तसं नाही म्हटलं."

"चुकलं म्हणजे?"

आणि इथे वहिनींच्या तोंडून, सव्वीस वर्षांची वाफ कोंडलेली होती ती बाहेर पडावी तसं, भलतंच निघून गेलं. "चुकायचं नाही. महिनाभर बघा. यंत्राने हो म्हटल्याशिवाय या दुकानातून पायमोजासुद्धा बाहेर जाणार नाही. यंत्र अडलं तर तुमची दौत परत काउंटरवर आणि मी आत. जन्मभर. पुन्हा बाहेर पाऊल टाकणार नाही."

"आणि नाही अडलं तर?"

"तर काउंटर माझं."

"आणि मी काय करायचं?"

वन्संनी काय करायचं हे आजवर कुणी वन्संना सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवा."

"ठरलं," वन्सं म्हणाल्या.

"बरं," आतून आवाज आला, पण या वेळी जरा घाबरलेला.

त्या महिन्यात वहिनी काउंटरवर बसल्या. काउंटरसमोर खिडकी होती. खिडकीतून बसथांबा दिसायचा, एक टपालपेटी दिसायची, रोज पावणेचारला एकाच कुत्र्याला फिरवणारे दोन वेगवेगळे म्हातारे दिसायचे. बारा वाजले की बारा वाजल्यासारखं वाटायचं. वहिनींना आता ते सोडवत नव्हतं.

रोज बिल्ले एकपासून सुरू होत. कधी साठ, कधी ऐंशी. एका सोमवारी तर एकशे बारापर्यंत मजल गेली. यंत्र एकदाही अडलं नाही.

महिन्याचे दोन दिवस उरले, आणि आचारीशाळेने कोट पाठवले.

बिल्ला १२७

आचारीशाळा म्हणजे रस्त्यापलीकडची, स्वयंपाकी घडवणारी शाळा. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. वार्षिक परीक्षा सकाळी दहाला. प्रत्येकाने पांढराशुभ्र कोट घालून शेगडीपाशी उभं राहायचं. कोटावर नाव नाही, शाळेचा नियमच तसा. कोण कोण आहे ते परीक्षकाला कळता कामा नये. पण कोट आपापल्या मापाचे शिवलेले, त्यामुळे ज्याचा त्यालाच गेला पाहिजे.

एकशे बेचाळीस विद्यार्थी, एक मुख्य आचारी. एकशे त्रेचाळीस कोट.

आठ वाजल्यापासून रांग लागली. वहिनी टाइप करत होत्या, नवरा आतून कोट आणून देत होता, वन्सं स्टूल बाजूला ओढून हाताची घडी घालून बसल्या होत्या. चिठ्ठी, बिल्ला, हो. चिठ्ठी, बिल्ला, हो. नऊ वाजता एकशे सत्तावीस कोट दाराबाहेर पडले होते. वहिनींच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की रांगेतल्या एका मुलीने आईला करतात तसा त्यांना नमस्कार केला.

मग काउंटरवर एक जाड हात आला. हातात चिठ्ठी. मुख्य आचारी. शिस्तीचा माणूस, रांग मोडून पुढे आला नव्हता.

बिल्ला १२८

"अहो एकशे अठ्ठावीस," वहिनी गुणगुणल्या आणि बटण दाबलं.

नाही.

वहिनींनी पुन्हा टाइप केलं. चिठ्ठी एकशे अठ्ठावीस. बिल्ला एकशे अठ्ठावीस.

नाही.

"काय म्हणतंय?" मुख्य आचाऱ्यांनी विचारलं.

"एक मिनिट हं."

वहिनींनी कळफलकावर फुंकर मारली. एक एक बटण सावकाश, नीट, जणू पाहुण्याला ताटावर बसवतायत असं दाबलं. नाही. नवऱ्याने आतून पुढचा कोट आणला. एकशे एकोणतीस. नाही. एकशे तीस. नाही.

"बंद करून चालू करू?" नवरा म्हणाला. सबंध महिन्यातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य.

बंद केलं, चालू केलं. सत्तावीसला विचारलं, हो. एकशे सत्तावीसला विचारलं, हो. एकशे अठ्ठावीसला विचारलं. नाही. हजारला विचारलं, तर हजारसुद्धा हजारला ओळख देईना.

वहिनींच्या पायाखालची वाळू सरकली.

"अहो, दोन्हीकडे एकशे अठ्ठावीसच आहे," त्या मुख्य आचाऱ्यांना म्हणाल्या. "दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय. पण यंत्र नाही म्हणतंय." मुख्य आचाऱ्यांनी कोट हातात घेऊन मागूनपुढून पाहिला. "आणि खरं सांगू का, मलाही शंका होतीच. हा माझा वाटत नाही."

"का हो?"

"माझ्यावर डाग होता. बलकाचा. असा, कानासारखा."

"तो काढायलाच तर दिला होतात!"

"ते ठीक आहे. पण डागच काढला तर मी कोट ओळखायचा कसा?"

रांगेत चुळबूळ सुरू झाली. नऊ वाजून बावीस मिनिटं.

"देऊन टाका ना वहिनी," मागून कुणीतरी ओरडलं.

वहिनींनी वन्संकडे पाहिलं. वन्सं हाताची घडी न सोडता म्हणाल्या, "पायमोजासुद्धा नाही म्हणालं होतं कुणीतरी."

वहिनींनी मास्तरांना फोन लावला. पलीकडून आधी घर्रर्र असा आवाज आला, मग मास्तरांचा.

"आआ?"

"मास्तर, मी बोलतेय, लाँड्रीतून! एकशे अठ्ठावीस एकशे अठ्ठावीसला ओळख देत नाहीये!"

"आ आंआआअए आए," मास्तर म्हणाले. कुणातरी बाईंचा आवाज आला, "तोंड मिटू नका, कापूस आहे." म्हणजे मास्तर दातांच्या डॉक्टरकडे, खुर्चीत आडवे.

"मास्तर, काय चुकलं असेल?"

"ओअ ई एअआअ?" मास्तर कळवळून म्हणाले. "ओअ! ई! एअआअ!"

"फार दुखतंय का हो?"

"ओअअअ!" मास्तरांनी जिवाच्या आकांताने सांगितलं, आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" नवऱ्याने विचारलं.

"बहुतेक दाढ निघाली," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोकं धरलं.

तेव्हा वन्सं स्टुलावरून उतरल्या.

"सरक."

"वन्सं?"

"मी सगळ्या कोटांवर खुणा केल्यात. परवा दुपारी, तू क्लासला होतीस तेव्हा. सवय म्हणून. यंत्र अडलं ना? मग आता शाई बोलेल. अहो आचारी, तुमची खूण दोन फुल्या आणि तीन टिंबं."

त्या आत गेल्या. दांडीवर राहिलेल्या तेरा कोटांच्या कॉलरी एकेक करून नाकाला लावल्या आणि एक कोट ओढून आणला. मुख्य आचाऱ्यांनी हात घातले. बाह्या कोपरापाशी संपल्या. पुढची बटणं एकमेकांपासून वीतभर लांब राहिली. मागे शिवण कुरकुरली.

"हाच!" मुख्य आचारी म्हणाले.

रांगेने तोंडाचा आ वासला.

"हाच माझा! हा बघा डाग!" खरंच, कोटावर एक फिकट पिवळा डाग राहिला होता, साधारण कानासारखा. "माझा डावीकडे होता, हा उजवीकडे आहे. धुण्यात सरकला असेल."

"सर," रांगेतली एक काडीसारखी मुलगी हळूच म्हणाली, "तो माझा आहे. एकशे चौतीस. डाग बलकाचाच, पण माझा."

वन्संनी मुख्य आचाऱ्यांच्या मानेवरची कॉलर उलटी केली, नाकाला लावली, मग हात लांब करून पाहिली, मग पुन्हा नाकाला लावली. वहिनींना बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होतं. दोन फुल्या आणि *दोन* टिंबं.

"साबण राहिलाय," वन्सं म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

वहिनींनी टिंबं मोजली होती हे सांगितलं नाही. त्या यंत्राकडे वळल्या. नऊ एकोणचाळीस.

मुख्य आचाऱ्यांना आता घाम फुटला होता, आणि कोट इतका घट्ट होता की घामालाही जागा नव्हती. "म्हणजे हा माझा नाही?" ते ओरडले. "अहो, मला तसाच कोट नकोय. तेवढाच नकोय. मला तोच हवाय. तोच!"

बिल्ला १२८

(हाही एकशे अठ्ठावीस. पण तो वेगळा, हा वेगळा. आणि वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे.)

तोच. ओअ.

तेवढाच. एअआअ.

मास्तर कण्हत नव्हते. मास्तर विचारत होते: *तोच की तेवढाच?*

वहिनींनी वर पाहिलं. पाटी: दिलेला तोच मिळेल. मिळेल काय? कोट! कोट तोच मिळायला हवा, ते बरोबर. पण अंक? चिठ्ठीवरचा एकशे अठ्ठावीस त्यांनी निळ्या पेनाने लिहिला होता, बिल्ल्यावरचा लाल. चिठ्ठी दोन दिवस आचाऱ्यांच्या खिशात होती, बिल्ला साबणाच्या पाण्यात. ते दोघं *तोच* कसे असणार? जन्मात एकमेकांना भेटले नव्हते बिचारे. त्यांना 'तू तोच का रे' विचारलं तर ते नाहीच म्हणणार. सात खरं बोलतो, तसा एकशे अठ्ठावीसही खरंच बोलत होता. प्रश्नच चुकीचा होता.

कोटाला तोच. अंकाला तेवढाच.

"धंद्याने घात केला, प्रश्नच चुकीचा," वहिनी पुटपुटल्या. त्यांनी दोन 'बरोबर'च्या खुणा खोडल्या आणि तिथे दुसरा प्रश्न लिहिला. घाईत एक कंस निसटला, यंत्राने लाल रेघ मारून चूक दाखवली, वहिनींनी "हो हो, कळलं" म्हणत कंस बसवला.

"अहो एकशे अठ्ठावीस," त्या म्हणाल्या, "माफ करा. पुन्हा विचारते. तुम्ही यांच्याएवढेच का?"

हो.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. एकशे एकोणतीस, हो. एकशे तीस, हो. एकशे चौतीस, काडीसारखी मुलगी, हो. नवरा आतबाहेर धावत होता आणि दर फेरीला "बरं, बरं, बरं" म्हणत होता. एकशे त्रेचाळीस, हो. नऊ वाजून पंचावन्न.

फक्त मुख्य आचारी तिथेच. खरा कोट अंगात, बटणं लागलेली, बाह्या मनगटाला टेकलेल्या, तरी चेहरा साशंक.

"बसतोय मात्र शिवून आणल्यासारखा," ते म्हणाले.

"शिवूनच आणला होतात," वहिनी म्हणाल्या.

"पण फार स्वच्छ आहे हो."

"सर," काडीसारखी मुलगी दारातून ओरडली, "आज परीक्षेला अंडीच आहेत. दहा मिनिटांत परत ओळखीचा होईल."

हे मुख्य आचाऱ्यांना पटलं, आणि ते धावत सुटले.

दुकान रिकामं झालं. वहिनींनी उठून ॲप्रनची गाठ सोडली. खिडकीतून एकदा बसथांबा पाहून घेतला, टपालपेटी पाहून घेतली, आणि त्या आत निघाल्या.

"कुठे?" वन्सं म्हणाल्या.

"आत. वाफेवर. यंत्र अडलं ना. बोलले ते बोलले."

"यंत्र अडलं?"

"अडलं की."

"आत्ता तर म्हणालीस, प्रश्नच चुकीचा होता. मग यंत्र खरंच बोलत होतं. अडलीस तू." वन्संनी दौतीचं झाकण घट्ट फिरवलं, अगदी बोटं पांढरी होईपर्यंत. "पैज यंत्राची होती. तुझ्यावर कुणी पैज लावली असती?"

वहिनी आतल्या दारातून मागे वळल्या.

"बस तिथे. आणि मला दाखव, ते हो म्हणायला लावायचं बटण कुठलं. काय करायचं ते मी ठरवायचं होतं ना? मी ठरवलंय. सकाळी मी बसणार, दुपारी तू." वन्संनी स्टूल यंत्राजवळ ओढलं आणि पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "अक्षर तेवढं मोठं कर. हो चांगलं हाताएवढं दिसलं पाहिजे."

"बरं," वहिनी म्हणाल्या. आतून कुणीतरी खुदकन हसलं.

बिल्ला १२९

पुढच्या क्लासला मास्तर आले ते डावा गाल लिंबाएवढा सुजवून. राहिलेली गंमत त्यांनी उजव्या गालाने सांगितली. लहान अंक पुन्हा पुन्हा लागतात, म्हणून यंत्र त्यांच्या डब्या आधीच करून फळीवर मांडून ठेवतं, एकशे सत्तावीसपर्यंत. त्यांतला कुठलाही अंक कितीदा मागा, तीच डबी पुढे येते, म्हणून तिथे तोच आणि तेवढाच यांत फरक दिसत नाही. एकशे अठ्ठाविसापासून मात्र दर वेळी नवी डबी.

"म्हणजे एकशे सत्तावीसपर्यंत घरचे," वहिनी म्हणाल्या, "आणि पुढचे सगळे पाहुणे."

मास्तरांना हसू आलं, आणि टाका दुखला.

बिल्ला ०

'संगणकाची भाषा शिका' हा तो कागद धुतलेल्या एका पँटच्या खिशातून वन्संनी काढला होता, डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत आल्या त्या दुपारी, आणि त्याच्यावर मंद इस्त्रीही त्यांनीच फिरवली होती.